शेजारच्या घरातली थंडी

आमच्या पिस्कॅटवेच्या घरात हिवाळा यायचा तो आवाजाने. तळघरातला, सगळं घर गरम ठेवणारा तेलाचा बॉयलर पेटताना आधी एक खोल ‘ढप्प’ व्हायचं, मग जिन्याखालच्या पाइपांची कुरकुर सुरू व्हायची आणि थोड्या वेळाने प्रत्येक खोलीतला लोखंडी रेडिएटर टकटक करत जागा व्हायचा. अगदी लहान असताना मला वाटायचं, घराच्या पोटात कुणीतरी राहतं आणि सकाळी उठून भांडी घासतं. मी ज्या हिवाळ्याबद्दल लिहायला बसले आहे, त्या हिवाळ्यात तो आवाज बंद पडला. एका सकाळी मी उठले तर घर इतकं शांत होतं की बाहेरच्या झाडावरून बर्फ घसरल्याचं ऐकू आलं. खाली गेले. आई स्वेटरवर स्वेटर घालून चहा करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तेल संपलं.”

आमचं घर जुनं होतं. शेजारच्या वस्तीत गॅसच्या नळीवर घरं गरम व्हायची, आमच्या गल्लीत मात्र अजून तेल होतं. टँकर येऊन तळघरातली टाकी भरून जायचा. थोडंसं द्या असं म्हणायची सोय नव्हती, ठरावीक माप घ्यावंच लागायचं आणि पैसे तिथल्या तिथे. बाबांची नोकरी होती तोवर ही टाकी कुठे आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. बाबा नागपूरचे, एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि मग ते घरी आले ते हॉस्पिटलमधून, व्हीलचेअरवर. उजवी बाजू गेली होती आणि शब्दही गेले होते. एकच शब्द शिल्लक होता, ‘ठीक’. भूक लागली तरी ठीक, दुखलं तरी ठीक. आम्ही आवाजाच्या चढउतारावरून अर्थ लावायचो. नोकरीबरोबर विमाही गेला. आई एडिसनला ओक ट्री रोडवरच्या एका मिठाईच्या दुकानात काउंटरवर उभी राहायला लागली. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेली माझी आई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या ओढणीला तुपाचा वास असायचा.

तेल संपलं त्याच आठवड्यात आम्ही स्वयंपाकघरात राहायला गेलो. राहायला गेलो असंच म्हणायला हवं, कारण बाकीच्या खोल्यांची दारं लावून खालच्या फटींत टॉवेल कोंबले, गाद्या खाली आणल्या, आणि बाबांची खुर्ची शेगडीजवळ ठेवली. शेगडी विजेची होती, खाली मोठा ओव्हन. आई रोज काहीतरी भाजायची, बहुतेक रताळी, आणि भाजून झालं की ओव्हनचं दार उघडं ठेवायची. जेवायला काय करायचं हे आता चवीवर ठरत नव्हतं, शिजायला किती वेळ लागतो त्यावर ठरायचं. हरभऱ्याची उसळ, मटकीची आमटी, आणि बाबांसाठी मऊ गोळाभात. कुकर शिट्टीला आला की आई बाबांची खुर्ची थोडी पुढे सरकवायची, म्हणजे उजव्या हातावर ऊब यायची. त्या हाताला काही कळत नव्हतं. पण तो निळसर दिसायचा आणि आईला ते बघवायचं नाही. गरम पाणीही त्याच बॉयलरवर असल्यामुळे तेही गेलं होतं. पातेल्यात पाणी तापवून बाथटबमध्ये बादली ठेवायची आणि लोट्याने अंघोळ करायची. आई म्हणायची, “नागपूरला आम्ही अशीच तर करायचो.” माझा धाकटा भाऊ ओम कुडकुडत म्हणायचा, “बट धिस इज नॉट नागपूर!”

परवा मी हे सगळं माझ्या मुलीला सांगत होते. ती थांबवून म्हणाली, “पण मम्मा, यू हॅड अ हाउस.” होतं ना. दोन मजली होतं, पुढेमागे हिरवळ होती, गराज होतं. बाहेरून बघणाऱ्याला आत काय चाललंय याचा संशयही आला नसता. गरिबी म्हटली की लोक फुटलेलं छप्पर शोधतात. आमचं छप्पर धडधाकट होतं. त्याच्याखाली आम्ही चौघं टोप्या घालून झोपत होतो आणि नळ गोठू नये म्हणून रात्रभर त्याची धार बारीक सोडून ठेवत होतो.

हे कुणालाही कळता कामा नये, असं आईने आम्हाला बजावलं होतं. नुसती लाज असती तर ती कदाचित कुणाशी तरी बोलली असती. पण दुकानातल्या एका बाईने तिला सांगितलं होतं की मुलं थंड घरात राहतात असं शाळेला कळलं तर सरकारी माणसं येतात आणि मुलांना घेऊन जातात. त्या दिवसापासून आई आमचे कपडे इस्त्री करून द्यायला लागली. गाल फुटलेले दिसू नयेत म्हणून शाळेला निघताना ओमच्या तोंडाला व्हॅसलीन चोळायची. मराठी मंडळातलं कुणी आलं तर त्यांना पोर्चमध्येच उभं करायची. “आत पेंटिंग चाललंय हो, वास येतोय फार,” असं हसून म्हणायची. मी शाळेच्या लायब्ररीत दिवे बंद होईपर्यंत बसून राहायचे. सगळ्यांना वाटायचं, फार अभ्यासू मुलगी आहे.

आमच्या डाव्या हाताचं घर सुमनमावशीचं. ती सगळ्या गावाचीच मावशी होती. सत्तरी कधीच ओलांडली होती तिने. नवरा इंजिनियर म्हणून इथे आला तेव्हा मराठी बोलणारं माणूस शोधत फिरावं लागायचं, असं ती सांगायची. मंडळाचा पहिला गणपती तिच्या तळघरात बसला होता. नवरा गेल्यावर ती एकटी राहिली. मुलगा मंदार टेक्ससला होता, दर रविवारी फोन करायचा. मला मराठी लिहायला तिनेच शिकवलं. माझा ‘ळ’ पाहून म्हणायची, “अगं, हा ळ आहे की जिलबी?” त्या हिवाळ्यात मात्र शिकवणी बंद होती. मी काही द्यायला-घ्यायला गेले की ती ओव्हरकोट घालूनच दार उघडायची. “आत्ताच बाहेरून आले बघ,” म्हणायची, नाहीतर “निघालेच होते.” दारातच माझ्या हातावर लाडू ठेवायची आणि बाबांची चौकशी करून दार लावून घ्यायची. आई म्हणायची, “या वयात किती हिंडते ही बाई!” आमचं पेंटिंग अजून कसं संपलं नाही, हे सुमनमावशीने आईला कधी विचारलं नाही. आणि तिची गाडी दिवसेंदिवस बर्फाखाली जागची हललेली नसताना ती बाहेर जाते तरी कुठे, हे आईनेही तिला विचारलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला मोठं बर्फ पडलं. शाळा बंद, दुकान बंद. दुपारी आईने तिळगूळ केला, कढईभोवती आम्ही सगळे हात शेकत बसलो होतो. खिडकीतून सुमनमावशीचं अंगण दिसत होतं. तिच्या दारापर्यंतच्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं आणि पेपर पिशवीतल्या पिशवीत तसाच पडून होता. आईने फोन लावला. तिच्या घरातली फोनची घंटा आम्हाला अंगणापलीकडून ऐकू येईल इतकी शांतता होती सगळीकडे. फोन कुणी उचलला नाही. आईने आमच्याकडे असलेली तिची किल्ली घेतली, मला म्हणाली, “चल माझ्याबरोबर,” आणि ओमला बाबांजवळ बसवून आम्ही गुडघाभर बर्फातून गेलो.

आत शिरल्यावर मला वाटलं, आपण अजून बाहेरच आहोत. तोंडातून वाफ निघत होती. दिवाणखाना नेहमीसारखा नीटनेटका होता, उशा आपापल्या जागी, काचेच्या कपाटात चांदीची भांडी. देवापुढच्या तांब्यातल्या पाण्यावर बर्फ धरलं होतं. आमच्या घरापेक्षा हे घर थंड होतं. आई “मावशी, अहो मावशी,” करत एकेक खोली उघडत गेली. जिन्याखाली एक अगदी छोटं न्हाणीघर होतं, पाहुण्यांना हात धुण्यापुरतं. तिथे ती सापडली. दुमडलेल्या रजईवर भिंतीला टेकून बसली होती. अंगात ओव्हरकोट, वर दोन शाली, समोर एक छोटा विजेचा हीटर, बंद पडलेला. घरातली सगळ्यात लहान खोली तिने निवडली होती, लवकर गरम होईल म्हणून. तिचे डोळे अर्धवट उघडे होते. ती कुडकुडत नव्हती, आणि तेच वाईट होतं हे मला नंतर कळलं. आईने तिचा चेहरा हातात धरला. सुमनमावशीचे ओठ हलले. जड जिभेने, हळूच, आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं ती म्हणाली, “आत्ताच… बाहेरून आले.”

आई तिथेच फरशीवर बसली आणि तिने मावशीला छातीशी धरलं. स्वतःचा कोट काढून दोघींवर पांघरला. मी ९११ला फोन केला. रस्ते बंद असल्यामुळे ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता, आधी पोलिसाची गाडी आली. तरुण होता तो, उंच, बुटांना बर्फ लागलेलं. त्याने मावशीची नाडी पाहिली, न्हाणीघराबाहेरच्या रेडिएटरवर हात ठेवून पाहिला आणि लगेच म्हणाला, “यांना आत्ताच्या आत्ता गरम जागी हलवायला हवं. तुम्ही शेजारीच राहता ना? तुमच्या घरी नेऊ.”

आईने मावशीवरचा कोट नुसताच पुन्हा नीट केला. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, “आई, आपल्या घरी न्यायचं म्हणतोय तो.”

“कळलं गं मला,” आई म्हणाली. मग तिने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं आणि इंग्रजीत, प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं, “आमच्या घरातही हीट नाही.”

“केव्हापासून?”

“खूप दिवस झाले.”

“घरात अजून कोण आहे?”

“माझा नवरा. त्याला चालता येत नाही. आणि लहान मुलगा.”

हे बोलताना तिने माझं मनगट घट्ट धरलं, जणू तो मला तेव्हाच ओढून नेणार होता. त्याने सुमनमावशीला रजईसकट उचललं, आपल्या गाडीत नेलं, गाडीचा हीटर पूर्ण सोडला आणि आईला तिच्याजवळ बसवलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या दोघी तिथे होत्या. आमच्या गल्लीतली तेवढी एकच ऊब होती.

ॲम्ब्युलन्स मावशीला आणि आईला घेऊन गेली. आम्हा तिघांना गावाच्या व्हॅनने वृद्धांच्या सेंटरच्या हॉलमध्ये नेलं. थंडीच्या लाटेत असा हॉल उघडा ठेवतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिथे खाटा होत्या, सूप होतं, आणि आमच्यासारखेच बाहेरून धडधाकट घरांत राहणारे लोक होते. बाबांना उबेत बसवलं तसे ते लगेच झोपले, मान छातीवर टाकून. आई जिला महिनोन्महिने घाबरत होती ती सरकारी बाईही आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पेन. मी ओमला मागे घेऊन उभी राहिले. तिने ओमला कोको दिला, बाबांच्या औषधांची चौकशी केली, टाकी कोरडी कधी पडली ते विचारलं, आणि मुलांना नेण्याबद्दल एक शब्दही काढला नाही. अशा घरांसाठी मदत असते, तुम्ही मागितली का नाही, असं ती मला सारखं विचारत होती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने याचं काय उत्तर द्यायचं? मी ‘आय डोन्ट नो’ म्हणत राहिले.

सुमनमावशी दोन-तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती, शुद्धीवर अशी आलीच नाही. मंदार टेक्ससहून पोचला तेव्हा ती गेली होती.

एडिसनला मंडळ भाड्याने घ्यायचं त्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती, मागे टेबलावर चहा. हॉल इतका गरम होता की लोकांनी कोट काढून खुर्च्यांवर टाकले होते. एकेक जण उठून बोलत होता. हार्ट अटॅक आला असं सगळे धरून चालले होते. अध्यक्ष काका म्हणाले, “सुमनताई शेवटपर्यंत कुणावर अवलंबून राहिल्या नाहीत. हाच त्यांचा आदर्श आपण सगळ्यांनी घ्यायचा.” लोकांनी माना डोलावल्या. मग मंदार उठला. “आय कॉल्ड हर एव्हरी संडे,” तो म्हणाला, “दर वेळी आई म्हणायची, मी मजेत आहे, तू काळजी करू नकोस.” एवढं बोलून तो खाली बसला.

आई माझ्या शेजारी बसली होती. ती चार माणसांत बोलणारी बाई नव्हती, गणपतीच्या आरतीलासुद्धा मागे उभी राहायची. ती उठली तेव्हा मला वाटलं, तिला बाहेर जायचंय.

“हार्ट अटॅक नाही आला,” ती म्हणाली. “मावशी थंडीने गेली. तिच्या घरात हीटिंग बंद होतं. मी शेजारी राहते, मला कळलं नाही. कारण माझ्या घरातलंही बंद होतं, आणि मी तिला घरात येऊ देत नव्हते.”

मागून एक काकू हळूच म्हणाल्या, “वीणा, अगं, नंतर बोलू. मंदार बसलाय इथे.”

“नंतर नाही,” आई म्हणाली. “तुम्ही सगळे माझ्याकडे येऊन गेलात. मी पोर्चमध्ये हसत उभी होते. पेंटिंग वगैरे काही नव्हतं. आत माझा नवरा ओव्हनसमोर बसलेला असायचा. आम्ही दोघी शेजारी शेजारी एकमेकींपासून लपून बसलो. एका खोलीत बसलो असतो तर ती आज असती. अवलंबून राहिली नाही म्हणून तिचं कौतुक नका करू. माझ्या मुलांसमोर तर नकाच करू.”

ती खाली बसली. मी तिचा हात धरला, तो घामाने ओला होता. शेवटी कुणीतरी चहा घ्यायला सांगितलं. काही लोक आमच्याकडे न बघता कोट घालून निघून गेले आणि त्यातल्या एकदोन घरांनी पुढे आम्हाला कधीच बोलावलं नाही. मयताच्या ठिकाणी स्वतःचं रडगाणं गायलं, असं आईबद्दल बोललं गेल्याचं माझ्या कानावर आलं. पण त्याच दिवशी पार्किंगमध्ये पार्सिपनीहून आलेल्या एक बाई आमच्या गाडीशी आल्या. हातात मोठी पर्स, कानात हिऱ्याच्या कुड्या. आईला म्हणाल्या, “माझे सासू-सासरे बेसमेंटमध्ये राहतात. ते म्हणतात, आम्हाला थंडी वाजत नाही. मी आज घरी जाऊन खालच्या रेडिएटरला हात लावून बघते.” आणि तिथेच गाडीला टेकून त्या रडायला लागल्या.

पुढे मंडळातल्या पाचसहा जणींनी एक काम सुरू केलं. पहिली थंडी पडली की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे, आजारी माणसांच्या घरी जायचं, दारातून परत फिरायचं नाही, आत जाऊन बसायचं. आई त्यात बरीच वर्षं होती. ती कुणाला ‘थंडी वाजते का’ असं विचारायची नाही. पाणी मागायची, आणि पाणी आणायला माणूस आत गेलं की भिंतीवरचा तापमानाचा आकडा बघून घ्यायची. सरकारी मदतीसाठी कुठे जायचं, कुणाला भेटायचं हे तिला तोंडपाठ झालं होतं. तरीही सगळे वाचले असं नाही. आणि आमच्या घराला त्याचा फार उशिरा उपयोग झाला. बाबांच्या छातीत त्या हिवाळ्यात जे बसलं ते गेलंच नाही, पुढचा हिवाळा त्यांनी पाहिला नाही. डॉक्टरांनी थंडी हे कारण कुठे लिहिलं नाही. आईने त्यांना विचारलंही नाही.

पण शोकसभेनंतरच्या त्या आठवड्याचं अजून एक सांगायचं राहिलं. आम्ही सेंटरमधून घरी परतलो होतो, मंडळातल्या कुणी कुणी दोन विजेचे हीटर आणून दिले होते. मंदार शेजारी आपल्या आईचं घर आवरत होता. एका दुपारी त्याने आमचं दार वाजवलं. आई त्याला सरळ स्वयंपाकघरात घेऊन आली. तो गाद्यांकडे, बाबांकडे, उघड्या ओव्हनकडे बघत उभा राहिला.

“काकू,” तो म्हणाला, “आईची टाकी एम्प्टी नव्हती. मी आत्ता चेक केलं. हाफपेक्षा जास्त भरलेली आहे. बॉयलर पण चालतोय, तिनेच स्विच ऑफ केला होता.”

आईला कळेना. “मग का…”

“फेब्रुवारीत मुलांना सुट्टी असते. आम्ही येणार होतो. लास्ट टाइम मुलं म्हणाली होती, आजीचं घर थंड असतं. तिने ते तेल मुलांसाठी ठेवलं होतं, काकू. शी वॉज सेव्हिंग इट फॉर अस.”

आई खाली बसली. बाबा म्हणाले, “ठीक, ठीक,” आणि डावा हात मंदारकडे पुढे केला. मंदारने तो धरला.

“तुम्ही ते तेल घ्या,” तो म्हणाला. “घर विकायच्या आधी काढावंच लागणार आहे.”

“नको रे,” आई म्हणाली. “ते नको.”

“काकू, प्लीज. मी ते फेकू शकत नाही. विकूही शकत नाही.”

दोन दिवसांनी तेलवाला माणूस पंप घेऊन आला. त्याने सुमनमावशीच्या तळघराच्या खिडकीतून एक जाड नळी बाहेर काढली, दोन अंगणांमधल्या बर्फावरून ओढत आणली आणि आमच्या टाकीला जोडली. तेल इकडे येत असताना मंदार आपल्या पायरीवर उभा होता आणि आई आमच्या पायरीवर. मग तो माणूस आमच्या तळघरात उतरला, बराच वेळ खाटखुट करत राहिला. जिन्याखालून तो खोल आवाज आला, पाइप कुरकुरले, आणि महिन्यांनी पहिल्यांदा वरच्या खोल्यांमधून टकटक ऐकू आली. ओम “इट्स वर्किंग!” ओरडत दारांखालचे टॉवेल ओढून काढत सुटला. मी बाबांची खुर्ची दिवाणखान्यात, रेडिएटरजवळ नेली. आई आली नाही. मी बघायला गेले तर ती मागच्या खिडकीशी उभी होती, शेजारच्या घराकडे बघत. मी म्हटलं, “आई, चल ना, गरम होतंय.”

“तुम्ही बसा,” ती म्हणाली. “मला नाही बसवत.”